नाशिकजवळची रानं: माथा सोडून पायथ्याचं जंगल पाहायचं असेल तर

पायथेकरी (धागाकर्ता)

नाशिकजवळ जंगल कुठं पाहावं, प्राणी-पक्षी दिसतील का, अशी विचारणा इथं सारखी होते आणि उत्तरं येतात ती गडांची. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, रामशेज. गड चांगलेच आहेत, पण माथ्यावर असतो कातळ, गवत आणि माणसांची रांग. झाडी आणि जनावर असतं ते कड्याखालच्या उतारावर, ओढ्याकाठी आणि शिवारालगतच्या झुडपांत. सहा तास चढून-उतरून जे दिसत नाही ते पायथ्याच्या एखाद्या ओढ्यापाशी दोन तास गप्प बसलं की दिसतं. म्हणून हा धागा फक्त पायथ्यासाठी. गडाच्या वाटांचे धागे वेगळे आहेत.

आधी जिल्हा समजून घ्या. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि येवल्याला ५०० च्या आसपास. मधे अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. त्यामुळे एकाच जिल्ह्यात तीन तऱ्हेची रानं मिळतात. पश्चिमेला त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा इथं साग, ऐन, हिरडा, बेहडा, मोह, जांभूळ, आंबा. मधल्या पट्ट्यात बोरगड, रामशेज, अंजनेरीचा पूर्व उतार इथं धावडा, पळस, पांगारा, बहावा, करवंदाच्या जाळ्या. पूर्वेला येवला-नांदगावकडे बाभूळ, बोर, हिवर आणि गवताळ माळ. ममदापूरला काळवीट आहेत ते या शेवटच्या पट्ट्यात. पेठला जाऊन काळवीट शोधू नयेत आणि ममदापूरला जाऊन झाडी शोधू नये.

सुरुवात बोरगडापासून करा असं माझं मत. २००८ साली तो राज्यातला पहिला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. माथ्यावर हवाई दलाचं ठाणं आहे, तिकडे जाता येत नाही आणि जायची गरजही नाही. पायथ्याच्या तुंगलदऱ्याकडचं रान शहरापासून तासाभराच्या आत आहे. जाण्याआधी वनरक्षकाला किंवा गावातल्या वन समितीला विचारा, कुठल्या वाटेनं जायचं ते तेच सांगतात. शेजारी रामशेज आहे, त्यासाठी पेठ रोडनं आशेवाडीला जावं लागतं.

कधी जावं ते झाडं ठरवतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगारा आणि पळस फुलतात. पानं नसतात आणि फुलांत मध असतो, त्यामुळे मैना, पोपट, कोतवाल, शिंजीर, हळद्या सगळे एकाच झाडावर येतात आणि आडोसा नसल्यानं दिसतातही नीट. फुललेली एक काटेसावर गाठा, तीस-चाळीस पावलांवर सूर्य पाठीशी ठेवून बसा. सकाळी सात ते नऊ या वेळात त्या एका झाडावर दहा-बारा जातींचे पक्षी सहज मोजता येतात. एप्रिल-मे पाणवठ्यांचे महिने. जून नवरंग पक्ष्याचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रान सुंदर असतं, पण कुसळांचा त्रास फार. डिसेंबर-जानेवारीत पाहुणे पक्षी आणि वेगवेगळ्या जातींच्या पक्ष्यांच्या मिश्र टोळ्या. जुलै-ऑगस्टमध्ये हिरवाईसाठी आणि रानफुलांसाठी जावं, प्राणी दिसतील ही अपेक्षा ठेवू नये. पानोळा इतका दाट असतो की दहा फुटांवरचं भेकर दिसत नाही.

चालण्याचा वेग हे सगळ्यात मोठं दुखणं. पक्षी पाहायला तासाला एक किलोमीटर पुरे. वीस-पंचवीस पावलं चाला, थांबा, एक मिनिट नुसतं ऐका. चांगली जागा दिसली की मात्र जास्त वेळ थांबा, कारण माणूस थांबल्यावर रान पुन्हा बोलायला लागायला पाच-सात मिनिटं जातात. म्हणून दोन मिनिटं थांबून पुढं निघणाऱ्यांना नेहमी शांत, रिकामं रान दिसतं. चार माणसांपेक्षा जास्त गट नको. दहा जण असतील तर दोन गट करून वेगवेगळ्या ओढ्यांना जा.

गोदाकाठ

छान धागा. मिश्र टोळ्यांबद्दल थोडी भर घालतो, कारण नवख्यांची इथंच फसगत होते. हिवाळ्यात निखार, वल्गुली, शिलींध्री, चष्मेवाला, छोटा सुतार आणि वर राखाडी कोतवाल अशी टोळी एकत्र फिरते. कोणी पानांतले किडे खातं, कोणी सालीतले, आणि हुसकलेले उडते किडे कोतवाल टिपतो. शिकारी पक्षी आला की ओरडतोही तोच. ही टोळी एका जागी राहत नाही. अर्धा तास रानात काहीच नसतं आणि मग पाच मिनिटांत सगळं डोक्यावरून निघून जातं. तिच्या मागे धावू नका. टोळी कुठल्या बाजूला सरकते आहे ते पाहून वाटेनं पुढं जाऊन थांबा, ती तुमच्याकडे येते. आधी कोतवाल शोधा, तो सापडला की बाकीचे खालच्या फांद्यांवर असतात.

दुर्बिणीबद्दल: ८ गुणिले ४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. दहा पट मोठं दाखवणारी दुर्बीण दुकानात भारी वाटते, पण हात हलतो तोही दहा पट मोठा दिसतो आणि दृश्याचा घेर कमी होतो. झाडीत पक्षी सापडतच नाही. ४२ ला ८ नं भागलं की सव्वापाच मिलिमीटर येतात. डोळ्यात जाणाऱ्या उजेडाच्या झोताची ती रुंदी आहे. पहाटे आणि संध्याकाळी बाहुली मोठी झालेली असते, तेव्हा हा झोत कामाला येतो. खिशात मावणाऱ्या ८ गुणिले २१ मध्ये तो अडीच मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणून त्या दुर्बिणीतून सांजवेळी सगळं काळवंडलेलं दिसतं.

आणि दुर्बीण जुळवून घ्या, बरेच जण जुळवतच नाहीत. आधी दोन्ही नळ्या जवळ-दूर करून एकच गोल दिसेल असं करा. मग उजवा डोळा झाकून मधल्या चक्रानं डाव्या डोळ्याला स्पष्ट दिसू द्या. नंतर डावा झाकून फक्त उजव्या नळीवरच्या कड्यानं तीच वस्तू स्पष्ट करा. ते कडं परत हलवायचं नाही. पक्षी पाहताना नजर पक्ष्यावरून न काढता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. खाली दुर्बिणीकडे बघितलं की पक्षी गेलाच.

हरसूलकर

हरसूल-पेठच्या बाजूची माहिती देतो, कारण पश्चिमेचा हा पट्टा लोक गाडीतून ओलांडून जातात. त्र्यंबकहून घाटरस्त्यानं हरसूलला या. घाटात गाडी थांबवून फोटो काढतात त्या वळणांपेक्षा घाट संपल्यावर लागणारे ओढे चांगले.

या भागात पाहण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गिधाडं. हरसूलजवळ खोरीपाड्याला त्यांच्यासाठी मेलेली जनावरं ठेवण्याची सोय केलेली आहे, गिधाड उपाहारगृह म्हणतात तिला. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे, मेलेलं गुरू खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होऊन देशभर ती संपत आली. २००६ मध्ये गुरांसाठीच्या या औषधावर बंदी आली, पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकवरही आली. मेलॉक्सिकॅम त्यांना चालतं. म्हणून तिथं ठेवायचं जनावर कुठल्या औषधावर होतं हे बघावं लागतं. पाहायला येणाऱ्यांनी परस्पर तिथं जाऊ नये. वनविभागाच्या माणसाशी बोलून, लांबूनच बघावं. गिधाड जेवताना एकदा उडालं की दुपारपर्यंत खाली उतरत नाही.

कड्यावरची गिधाडं ओळखायची खूण: उभ्या कातळावर कपारीखाली पांढरे ओघळ दिसतात, जणू कोणी चुना ओतलाय. ती घरट्याची किंवा बसायची जागा. लांब चोचीच्या गिधाडाची वीण हिवाळ्यात सुरू होते, वर्षाला एकच अंडं, आणि पिल्लू घरट्यात उन्हाळ्यापर्यंत असतं. नोव्हेंबर ते मे कड्याच्या माथ्यावरून डोकावणं, दोर लावून उतरणं आणि ड्रोन उडवणं पूर्ण बंद ठेवा. पालक घरट्यावरून उठला तर पिल्लाला ऊन लागतं किंवा कावळे त्रास देतात. पाहायची वेळ सकाळी नऊ ते अकरा. त्याआधी हवा थंड असते, वर चढणारे झोत नसतात आणि एवढा जड पक्षी उठत नाही. ऊन तापलं की एकामागून एक घिरट्या घेत वर जातात. अंजनेरीच्या पायथ्याच्या शेतातून कडा समोर येतो, तिथून दुर्बिणीनं निवांत दिसतं.

रानफुलवाली

अंजनेरीचा विषय निघालाच आहे तर कंदीलपुष्पाबद्दल बोलायला हवं. सेरोपेजिया अंजनेरिका ही जात या डोंगराच्या नावानं ओळखली जाते आणि ती अतिशय धोक्यात आहे. पावसाळ्यात गवताळ उतारावर पातळ मातीत उगवते. जमिनीखाली कंद, वर वीतभर-दोन वीत खोड. फूल कंदिलासारखं, खाली फुगीर आणि वर पाच पाकळ्या टोकाला जुळलेल्या. आत केस असतात, त्यांचा रोख खाली. बारीक माश्या वासानं आत शिरतात, केसांमुळे परत फिरता येत नाही, परागकण चिकटतात आणि केस सुकले की सुटका होते. हे बघायला भिंग लागतं आणि गुडघे टेकून बसावं लागतं.

पायथेकरी, तुमच्या धाग्यात कोणी नेमकी जागा विचारली तर कृपया देऊ नका. तोडणाऱ्यांपेक्षा फोटोवाल्यांच्या बुटांनी जास्त नुकसान होतं. माती दोन-तीन इंच जाडीची असते, एकाच फुलाभोवती वीस माणसं बसली की ती घट्ट होते आणि पुढच्या वर्षीचे कंद वर येत नाहीत. शेजारचं गवत बाजूला दाबून 'स्वच्छ' फोटो काढतात, त्यात न फुललेली रोपं मोडतात. फुलाशिवाय ते रोप गवतातून ओळखू येत नाही.

नांदूरचा पक्षीमित्र

@रानफुलवाली, भावना समजते, पण जागा लपवल्यानं लोकांना काहीच कळत नाही आणि मग ते कुठंही तुडवत जातात, असं नाही का वाटत? नांदूर मध्यमेश्वरला अभयारण्य झालं १९८६ मध्ये, २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झालं. तिथं मनोरे, वाटा, गाईड ठरलेले आहेत, म्हणून गर्दी असूनही पक्षी टिकून आहेत. अंजनेरीवरही आखलेली वाट आणि माहीतगार माणूस असं केलं तर?

रानफुलवाली

आखलेली वाट आणि गावातला माहीतगार हवाच, त्याला शंभर टक्के सहमत. अंजनेरी २०१७ पासून संवर्धन राखीव आहे, तेव्हा हे करता येण्यासारखं आहे. पण पाण्यावरचा पक्षी गर्दी झाली की उडून पलीकडे बसतो, कंदाला हलता येत नाही. म्हणून माणूस सोबत असेल तर दाखवावं, नकाशावरचा ठिपका मात्र देऊ नये.

पायथेकरी

ठिपका इथं कोणीच देणार नाही, हे धाग्यापुरतं ठरवून टाकू. तोच नियम घरट्यांना, तरसाच्या बिळांना आणि घुबडाच्या ढोलीला.

प्राणी दिसतील का, याचं खरं उत्तर: खुणा नक्की दिसतील. बिबट्या, तरस, कोल्हा, रानमांजर, उदमांजर, साळिंदर, रानडुक्कर, ससा हे सगळे पायथ्याच्या रानात आहेत, पण बहुतेक रात्रीचे. सकाळी साडेसहाच्या सुमारास, ऊन तिरकं असताना, धुळीची पायवाट किंवा ओढ्याची वाळू बघा. ऊन डोक्यावर आलं की ठशात सावली राहत नाही आणि तोच ठसा दिसेनासा होतो. मांजरकुळातल्या ठशात नखं उमटत नाहीत आणि तळव्याच्या गादीला मागं तीन गोलावे असतात. बिबट्याचा ठसा साधारण सात ते नऊ सेंटिमीटर रुंद. नखं उमटली असतील तर कुत्रा, कोल्हा किंवा तरस. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा उघड मोठा असतो. विष्ठाही सांगते: हाडं खाल्ल्यामुळे तरसाची वाळल्यावर खडूसारखी पांढरी, कोल्ह्याच्या विष्ठेत हिवाळ्यात बोरांच्या बिया, उदमांजराची बियांनी गच्च भरलेली आणि बहुधा दगडावर किंवा पडलेल्या खोडावर. काडीनं उकला, हातानं नाही.

पाणवठ्यावर बसायचं असेल तर एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, दुपारी चारला जागेवर आणि अंधारापूर्वी बाहेर. तीस-चाळीस मीटर लांब, वारा पाण्याकडून तुमच्याकडे येत असेल अशा बाजूला. मूठभर बारीक माती हवेत सोडली की दिशा कळते. ऐन पाण्याकाठी बसलात तर तहानलेलं जनावर परत जाईल. उन्हाळ्यात असं परत पाठवणं त्याच्या जिवावर बेततं, तेव्हा या बाबतीत मोकळीक घेऊ नका. वानरांचा अचानक खॉक-खॉक आवाज किंवा मोराचा तुटक ओरडा आला की त्यांची नजर कुठं लागलीय ते बघा, जमिनीकडे बघत असतील तर बिबट्या जवळ आहे.

निफाडकर

बिबट्या जवळ आहे हे कळल्यावर काय करायचं तेही लिहा हो. आमच्याकडे उसात असतो तो, रानातला वेगळा वागतो का?

पायथेकरी

@निफाडकर, जनावर तेच. उसात मादी पिल्लं घालते आणि तोडणीच्या वेळी माणूस एकदम समोर येतो, म्हणून तिथं गाठ जास्त पडते. रानात तो सहसा आपल्याआधी निघून जातो. समोर आलाच तर पळू नका, खाली बसू नका, वाकू नका. उभे राहा, हात वर करा, मोठ्यानं बोला आणि त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरका. लहान मुलं असतील तर उचलून घ्या. मुलांना कधी गटाच्या टोकाला चालवू नये, मधे ठेवावं. सांजवेळी झुडपाआड शौचाला बसणं टाळा, वाकलेला माणूस त्याला चार पायांच्या जनावरासारखा वाटू शकतो. अडकलेला किंवा जखमी बिबट्या दिसला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा आणि गर्दी जमवू नका.

सह्यकडा

बिबट्याची धास्ती सगळ्यांना असते, पण या रानात माणसाला जास्त धोका आग्या मोहोळाचा. कड्याच्या कपारीखाली आणि उंच काटेसावर, उंबरावर हात-दीड हात लांबीची मोहोळं लटकतात. अत्तर, सुगंधी फवारे, धूर, वर फेकलेला दगड आणि ड्रोन, यातलं काहीही माश्या चवताळायला पुरतं. मोहोळावर लाटेसारखी थरथर फिरताना दिसली की माश्या सावध आहेत, तिथून गुपचूप मागे फिरा. हल्ला झालाच तर हात झटकू नका. मारलेल्या किंवा डंख मारलेल्या माशीतून जो वास सुटतो त्यानं बाकीच्या त्याच जागी येतात. शर्ट किंवा ओढणीनं तोंड झाका आणि थेट दूर पळा, दाट जाळीत किंवा घरात शिरा. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत राहतात. काटा नखानं खरवडून लगेच काढा, कारण त्याची पिशवी विष सोडतच राहते. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचं. श्वास जड झाला, ओठ-डोळे सुजले किंवा डंख बरेच असले तर थेट दवाखाना.

सापांचं: ओढ्याकाठी, पाचोळ्यात आणि दगडांत घोणस असते, रात्री मण्यार. टॉर्चशिवाय एक पाऊलही नको, घोट्यावर येणारे बूट हवेत. चावलाच तर आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं काहीही करायचं नाही. अंगठी, कडं काढा, हात-पाय काठी बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, १०८ लावा. त्र्यंबक, हरसूल, पेठ यांपैकी जे ग्रामीण रुग्णालय जवळ तिथं आधी फोन करून सर्पदंशावरचं प्रतिविष आहे ना ते विचारा, म्हणजे फेरा पडत नाही. रेंज सगळीकडे मिळत नाही, म्हणून हे क्रमांक निघण्याआधीच कागदावर लिहून ठेवलेले बरे.

करवंदाची जाळी

कपड्यांचं कोणीच बोललं नाही! कुसळी गवताचं कुसळ जवळून बघा: टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी, त्याला उलटे केस, मागं काळी पीळ पडलेली शेपटी. दमट हवेत ती शेपटी पीळ सोडते, वाळली की पुन्हा पीळ घेते, आणि त्या फिरण्यानं बी आत-आत घुसतं. जमिनीत घुसावं म्हणून ती सोय आहे, पण मोज्यातही तशीच घुसते. लोकरी आणि जाड सुती मोजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात घालूच नका. गुळगुळीत कापडाची पँट, ती मोज्यावरून खाली, आणि वर पायपट्टी किंवा जुन्या छत्रीच्या कापडाचं आवरण. सोबत कुत्रा नेऊ नका, त्याच्या पंजात आणि कानात कुसळ शिरतं.

हिवाळ्यानंतर खाजकुहिली. शेंगा वाळल्या की केस वाऱ्यानं उडतात, स्पर्श करायचीही गरज नसते. वेलीखालून जाऊ नका. लागलीच तर चोळू नका आणि आधी पाणी लावू नका. चिकटपट्टी किंवा पिशवी बंद करायचा टेप त्या जागी दाबून उचला, चार-पाच वेळा नव्या तुकड्यानं, मगच साबण. उन्हाळ्यात गुरांच्या वाटांवर गोचीड. गवतात थेट बसायचं नाही, प्लॅस्टिकचा कागद ठेवा, परत आल्यावर काखेत, कमरेवर आणि गुडघ्यामागं तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, तेल किंवा काडी लावायची नाही.

रंग मातकट, खाकी, फिकट हिरवा. पांढरा शर्ट दूरवरून दिसतो. उन्हाळ्यात माणशी तीन लिटर पाणी. पायथ्याला सावली आहे म्हणून कमी नेतात आणि अकरा वाजता डोकं दुखायला लागतं.

वैतरणा

काजव्यांचं कोणी सांगेल का? मे महिन्यात घरच्यांना न्यायचं आहे, सासूबाईही येणार आहेत.

पायथेकरी

@वैतरणा, त्यासाठी भंडारदरा, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. हद्द अकोले तालुक्याची, पण नाशिकहून घोटीमार्गे दोन-अडीच तासांत पोचता. वळवाचे पहिले शिडकावे झाल्यापासून मोठा पाऊस लागेपर्यंत, म्हणजे साधारण मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, आंबा या झाडांवर जास्त. लुकलुक ही मादीला घातलेली साद असते. गाडीचे दिवे आणि मोबाईलचा झोत पडला की ती साद दिसत नाही आणि वीणच हुकते. शनिवार-रविवार सोडा, चांदणं नसलेली रात्र निवडा, गाडी लांब लावून दिवे बंद करा. टॉर्चला लाल जिलेटिन कागद, झोत फक्त पावलांपुरता. झाडाखाली जाऊ नका, माद्या बहुधा खाली गवतात असतात. सासूबाईंना रस्त्यालगतचं झाड पुरे, खुर्ची सोबत न्या.

हरसूलकर

शेवटी वणव्याबद्दल, कारण काटेसावर पाहायला जाल तेव्हाच त्याचा मोसम असतो. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, चांगलं गवत येतं या समजुतीनं उतार पेटवतात, आणि विडी-सिगारेट तर आहेच. फेब्रुवारीपासून वनविभाग जाळरेषा काढतो, गवत जाळून-कापून मोकळा पट्टा. त्या पट्ट्यावरून चालायला हरकत नाही, पण त्यावर पाचोळा किंवा कागद टाकू नका. चूल पेटवायची नाही, डबा घरून न्या. धूर दिसला तर वारा कुठून आहे ते बघून जळालेल्या बाजूला किंवा ओढ्यात उतरा. चढणीकडे पळू नका, आग चढावर माणसापेक्षा वेगानं जाते. आणि १९२६ ला गावाचं व डोंगराच्या बाजूचं नाव सांगा, "पेठ रोडला आग" एवढ्यावरून कोणाला पोचता येत नाही.

गोदाकाठ

एक राहिलं. त्र्यंबक रस्त्यानं जाणार असाल तर तिसरा श्रावणी सोमवार टाळा, ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी आदल्या रात्रीपासून रस्ता भरलेला असतो. एरवी त्र्यंबकची एसटी किंवा सिटीलिंकची शहर बस पकडून अंजनेरी फाट्याला उतरलं की पायथ्याला चालत जाता येतं. फक्त पहाटे उजाडताना रानात असायचं तर स्वतःची गाडी लागते.